माशाच्या काळजातले पाणी

देवगाव फाट्यावर मंठ्याकडून येणारा रस्ता जिंतूरकडे निघतो आणि दुसरा सेलूकडे वळतो. गाडी बदलणारी माणसे इथे चहाला थांबतात, एस.टी.ची वाट बघतात आणि उन्हाने पांढऱ्या पडलेल्या आभाळाखाली पावसाचे बोलतात. या मुलखाचे पाणी दोन नद्यांनी वाटून घेतले आहे. उत्तरेला पूर्णा, दक्षिणेला दुधना. पूर्णेवर येलदरीचे धरण आहे, 1968 साली पुरे झालेले, 934 दशलक्ष घनमीटर पाणी पोटात घेणारे. दुधनेवर सेलूजवळ ब्रह्मवाकडीला निम्न दुधना प्रकल्पाची भिंत उभी आहे. पुढे दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. चैत्र सरत आला की काळ्या रानांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या दिसतात, आणि डोळ्यांना जिथे कुठे पाणी दिसेल तिथे ते थांबतात. मराठवाड्यातल्या माणसाला पाणी नुसते दिसले तरी हात जोडावेसे वाटतात. मलाही वाटतात, आणि या लेखात जे सांगायचे आहे ते त्या जोडलेल्या हातांनीच सांगायचे आहे.

वैशाखातल्या पहाटे एखाद्या पाझर तलावाच्या काठावर जावे. पाणी उतरलेले असते, काठाचा गाळ वाळून त्याच्या पापुद्र्या वळलेल्या असतात. वारा पडलेला. आणि पाण्यावर हिरवा तवंग पसरलेला असतो. हे दगडाला चिकटणारे, हाताला तंतू लागणारे शेवाळ नव्हे. ओंजळीत घेतले तर पाण्यात बारीक हिरवे कण तरंगताना दिसतात, रव्याहूनही बारीक. वाऱ्याची झुळूक आली की ते काठाला गोळा होतात आणि तिथे थर दाट होतो, उन्हाने सुकून कडेला निळसर होतो. तो प्रत्येक कण म्हणजे मायक्रोसिस्टिस नावाच्या सूक्ष्म जिवांची वस्ती आहे. शेकडो पेशी एकाच बुळबुळीत आवरणात एकत्र राहतात. प्रत्येक पेशीच्या आत वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून त्या तरंगतात. दिवसभर उन्हात अन्न साठवून त्या जड होतात आणि खाली उतरतात; रात्री ते अन्न वापरून हलक्या होतात आणि पहाटेपर्यंत पुन्हा वर येतात. डोळा नाही, पाय नाही, मेंदू नाही, तरी रोज उजेडाकडे जायचे आणि पोटभर उजेड घेऊन परतायचे हे त्यांना कळते. मला यापुढे नम्र व्हावेसे वाटते.

या जिवांचे कुळ फार जुने. त्यांना निळेहिरवे शेवाळ म्हणायची रीत आहे, पण ते वनस्पती नव्हेत, जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्या पूर्वजांनी सोडलेला. त्याआधीच्या हवेत आपल्यासारख्या कुणाला एक श्वासही घेता आला नसता. पुढे जी झाडे आली त्यांच्या पानांतली हिरवी यंत्रणासुद्धा याच कुळातला एक जीव दुसऱ्या पेशीत राहायला गेला तेव्हापासूनची आहे. म्हणजे फाट्यावरच्या लिंबाच्या सावलीलाही यांचेच देणे आहे. धानाच्या खाचरात हवेतला नत्र पकडून पिकाला देणारे यांच्याच गोतातले. मंठ्याहून उत्तरेला गेले की लोणारचे सरोवर लागते, उल्कापाताने खणलेले, खारट आणि अल्कधर्मी. तिथले गडद हिरवेपण बऱ्याच अंशी आर्थ्रोस्पायराचे, जिला बाजारात स्पिरुलिना म्हणतात आणि जी पौष्टिक म्हणून गोळ्यांतून खाल्ली जाते. जून 2020 मध्ये तेच सरोवर गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. पाण्याचा रंग हा पाण्यात राहणाऱ्यांचा असतो. एकाच कुळात पोसणारेही आहेत आणि विष घडवणारेही, आणि दोघांचा हिरवा रंग काठावरून पाहणाऱ्याला सारखाच दिसतो.

विष घडवणारे म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. तेवढ्या तलावात, तेवढ्या उन्हात ते नेहमीच होते, पण मूठभर. त्यांना मुठीत ठेवणारी गोष्ट म्हणजे फॉस्फरस. पाण्यात तो थोडा असला की वस्ती थोडी. आपण त्याच पाण्यात गावाचे सांडपाणी, कपड्यांच्या साबणाची भुकटी, गोठ्याची धुवण आणि शेतातले डीएपी खत सोडतो. काळी चिकण माती फॉस्फरसला घट्ट धरून ठेवते, आणि मृगाच्या पहिल्या दणक्यात बांध फुटून ती माती वाहिली की खतासकट तलावात जाऊन बसते. पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटते, पंचवीस अंशांच्या वर तापते, गाळातून तो फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. मग मूठभरांचे अब्जावधी व्हायला काही दिवस पुरतात.

जालना शहर कुंडलिका नदीवर वसले आहे आणि कुंडलिका दुधनेला मिळते. वरच्या शहराचे न्हाणीघर आणि खालच्या गावाचा तलाव यांच्यात एवढेच अंतर असते, एका नदीचे. सांडपाण्याने पाणी हिरवे होणे महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर दिसते ते भीमेवरच्या उजनीत. 1980 साली पुरे झालेल्या त्या धरणाच्या यशवंतसागरात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्या वाटेने येऊन पडते, आणि उन्हाळ्यात तिथल्या पाण्यावर हिरवा तवंग आल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. तेच पाणी पुढे सोलापूर पिते. तेच पाणी पंढरपुरात चंद्रभागा होते. आळंदी-देहूची इंद्रायणी आणि पंढरीची चंद्रभागा अशा एकाच पाण्याच्या दोन टोकांना आपण डोके टेकतो, आणि मधल्या वाटेवर काय होते ते बघत नाही. कोल्हापूरच्या रंकाळ्यानेही शहराच्या नाल्यांमुळे हे हिरवेपण सोसले आहे.

या हिरव्या पाण्याच्या विषाची पहिली शास्त्रीय नोंद मराठी मुलखापासून फार लांबची. 1878 साली जॉर्ज फ्रान्सिस याने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचा हिरवा थर पिऊन गुरेमेंढरे मरत असल्याचे ‘नेचर’ नियतकालिकात लिहिले. 2020 साली आफ्रिकेतल्या बोत्स्वानात तीनशेहून अधिक हत्ती पाणवठ्यांजवळ मरून पडले आणि तिथल्या सरकारने सायनोबॅक्टेरियाच्या विषाकडे बोट दाखवले. ब्राझीलच्या कारुआरू शहरात 1996 मध्ये डायलिसिस केंद्रात नीट शुद्ध न केलेले धरणाचे पाणी वापरले गेले. शंभरेक रुग्णांची यकृते निकामी झाली आणि त्यांतले 52 जण या विषाने गेले. त्या विषाचे नाव मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांची एक गोल साखळी, इतकीच तिची घडण. तिची अडीचशेहून अधिक रूपे आता माहीत आहेत. एकाच तवंगात विष करणारी वस्ती आणि न करणारी वस्ती शेजारी असतात, सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळ्या ओळखू येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 1998 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा सुचवली ती लिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका लिटरमध्ये ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पेशी जिवंत असते तोवर बहुतेक विष तिच्या आतच राहते. ती फुटली की पाण्यात उतरते.

आणि पाण्यात मासा असतो.

आपल्याला तलाव बदलता येतो, घोट टाळता येतो. माशाचे घर, हवा आणि ताट सगळे तेच पाणी. पण सगळे मासे ते सारखे घेत नाहीत, आणि त्यांच्या घेण्यातला हा फरक मला फार सुंदर वाटतो. आपल्या धरणांत सोडतात तो कटला वरच्या थरात तोंड वर करून बारीक पाणकिडे टिपतो. ते पाणकिडे हिरवे कण खाऊन आलेले असतात. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ तळाशी गाळ चिवडत फिरतो, जिथे मेलेला तवंग येऊन बसलेला असतो. ही सगळी कार्प कुळातली मंडळी, यांना जठर नावाचा अवयवच नसतो, अन्न सरळ आतड्यात जाते, म्हणून बुळबुळीत आवरणातल्या कित्येक वस्त्या न पचता जशाच्या तशा बाहेर पडतात. चिलापीचे तसे नाही. उजनीत तिचेच राज्य आहे आणि भिगवणच्या बाजारात ती टोपल्यांनी येते. तिच्या जठरातले आम्ल इतके तीव्र की जी पेशी इतरांना फोडता येत नाही ती चिलापी फोडते आणि पचवते. हिरव्या पाण्यात इतर मासे खंगतात तिथे चिलापी वाढते याचे हे एक कारण. पण पेशी फुटली की आतले विषही मोकळे होते. मरळ यांपैकी काही खात नाही. ती दबा धरून लहान मासे गिळते, आणि त्या माशांच्या पोटात जे असेल ते तिच्या पोटात जाते. शिंपले तर दिवसभर पाणी गाळतच असतात. त्यांच्या मांसात हे विष माशांच्या मांसाहून पुष्कळदा अधिक सापडते.

आतड्यातून हे विष रक्तात येते आणि थेट यकृत गाठते. मासळी साफ करणारी बाई ज्याला काळीज म्हणते ते हेच. पित्तरस ज्या प्रथिनांच्या वाटेने यकृताच्या पेशीत ये-जा करतो त्याच वाटेने मायक्रोसिस्टिन आत शिरते. शरीराने स्वतःच्या कामासाठी उघडे ठेवलेले दार ते वापरते. आत गेल्यावर ते पेशीचा आधार सांभाळणाऱ्या विकरांना पक्के चिकटते, आणि खुंट्या उपटलेल्या राहुटीसारखी पेशी आतल्या आत बसते. जास्त झाले तर यकृतात रक्तस्राव होतो. थोडे थोडे येत राहिले तर मासा जगतो, पोहतो, वाढतो, जाळ्यात येतो. सर्वांत जास्त साठा आतडी आणि काळजात, त्याखालोखाल मूत्रपिंडात. मांसात बराच कमी. पाऱ्यासारखे हे विष लहान माशातून मोठ्या माशात वाढत वाढत जाते असे सहसा दिसत नाही, कारण ते चरबीत मुरून बसणारे नाही, पाण्यात विरघळणारे आहे, आणि माशाचे यकृत ते बांधून, निष्प्रभ करून पित्तावाटे बाहेर टाकायची धडपड सतत करत असते. ज्या अवयवावर घाव बसतो तोच अवयव सगळ्या देहासाठी लढत असतो. मुठीत मावणाऱ्या चिलापीच्या आत हे चाललेले असते आणि वरून तिचे खवले उन्हात लखलखत असतात.

गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या भोई मामांना मी विचारले होते, हिरव्या पाण्यातली मासळी कशी लागते. ते म्हणाले, “पाणी हिरवं पडलं की मासळीला मातीचा वास येतो बघा. आन् पहाटं मासे वर येऊन तोंड मारतेत, हवा कमी पडती त्यायला.” दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. दिवसा प्राणवायू देणारा तो तवंग रात्री अंधारात स्वतः श्वास घेतो, म्हणून पहाटेच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि सगळा तवंग एकदम मेला तर तो कुजवणारे जिवाणू उरलासुरलाही खातात. काठाला पांढरी पोटे वर करून लागलेले मासे पुष्कळदा विषाने नव्हे, गुदमरून मेलेले असतात. मातीच्या वासाचे तर फार नवल. तो जिओस्मिन या द्रव्याचा, आणि ते काही सायनोबॅक्टेरिया तयार करतात. पहिल्या पावसात तापल्या रानातून जो गंध उठतो, ज्याची हा सगळा मुलूख आठ महिने वाट बघतो, त्यातही हेच द्रव्य असते; तिथे ते मातीतल्या जिवाणूंनी केलेले असते. जिओस्मिन विषारी नाही. वास आला म्हणून विष आहेच असे होत नाही आणि वास नाही म्हणून विष नाही असेही नाही. पण पाणी बिघडल्याची खूण नाकाला आधी कळते, आणि ती खूण मामांच्या पिढ्यांनी जपली आहे.

चिंता आहे ती त्यांच्याच घरांची. मोठी मासळी व्यापाऱ्याकडे जाते. बारीक, उरलेली, न विकली गेलेली घरच्या चुलीवर येते. बारीक मासळी पोट न काढता अख्खी शिजवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि साठा नेमका पोटात असतो. चीनमधल्या चाओहू सरोवरावर वर्षानुवर्षे नावेतच राहणाऱ्या, तिथलेच पाणी पिणाऱ्या आणि तिथलीच मासळी खाणाऱ्या 35 कोळ्यांचे रक्त तपासले तेव्हा त्यांच्या रक्तात मायक्रोसिस्टिन सापडले आणि यकृताला इजा झाल्याच्या खुणाही दिसल्या. हा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे रोज 0.04 मायक्रोग्रॅम एवढेच सोसण्याजोगे मानले. साठ किलोच्या माणसाला 2.4 मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या लेकराला किती, हे ज्याचे त्याने मनात मोजावे. आणि हे विष उकळीला दाद देत नाही. चुलीवर कितीही रटरटले तरी ते मोडत नाही, काही रश्श्यात उतरते. वाळवूनही जात नाही.

या मुलखाला पाण्याचा आदर शिकवावा लागत नाही. फाट्यावरून जिंतूरच्या रस्त्याने गेले की चारठाणा लागते, जुन्या देवळांचे आणि बारवेचे गाव. सेलू तालुक्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे, जी गावकऱ्यांनी अलीकडे गाळ उपसून पुन्हा उजेडात आणली. पाण्यापर्यंत जाताना पायरीपायरीने उतरावे लागावे आणि बाजूच्या कोनाड्यात देव असावा, असे ज्यांना सुचले त्यांना पाणी काय आहे ते पुरते कळले होते. महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानतात. लोक त्यांना खाऊ घालतात, कुणी पकडत नाही, आणि त्या श्रद्धेने तिथे महसीर टिकून आहे. मला वाटते, देवीचा मासा म्हणताना त्या डोहाच्या वरचा ओढाही देवीचाच मानला पाहिजे. त्या ओढ्याला मिळणारी गटारसुद्धा. बारवेच्या कोनाड्यातला देव पाणी भरणाऱ्या बाईचे हात बघत होता. आता त्याने सांडपाण्याची पाईप बघायला हवी, आणि आपण त्याला ती दाखवायला हवी. शहराचे मैलापाणी फॉस्फरस काढून नदीत सोडणे, माती परीक्षण करून लागेल तेवढेच डीएपी देणे, ओढ्याच्या दोन्ही कडांना गवताचा पट्टा राखून वाहती माती तिथेच अडवणे: यांतले एकेक काम मला अभिषेकाच्या तोडीचे वाटते.

माशाच्या बाजूने एक दिलासा आहे. पाणी निवळले की मासाही निवळतो. स्वच्छ पाण्यात ठेवलेल्या माशाच्या अंगातले मोकळे विष काही दिवसांत उतरू लागते. पेशीतल्या प्रथिनांना घट्ट धरून बसलेला भाग जायला आठवडे लागतात. म्हणून दाट तवंग असेल त्या दिवसांत तिथे जाळे न टाकणे आणि तवंग गेल्यावरही काही आठवडे थांबणे हे बरे. भोई कुटुंबाला तेवढे दिवस रोजगार बुडतो, आणि तो भार त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर राहू नये. मत्स्य सहकारी संस्था आणि शासनाने त्या दिवसांची भरपाई द्यावी आणि पाण्याची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. तोवर बाजारात मासळी घेताना पाणी कुठले ते विचारावे. हिरव्या पाण्यातली असेल तर बारकीचेही पोट काढून घ्यावे, आतडी आणि काळीज पातेल्यात जाऊ देऊ नये, मांस वाहत्या पाण्याखाली धुवावे, आणि एकदा उकळलेले पाणी ओतून देऊन रस्सा नव्या पाण्यात करावा. काढलेले पोट कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नये आणि तलावात परत तर मुळीच टाकू नये, कारण त्यात विषही आहे आणि फॉस्फरसही. बांधावर हातभर खड्डा करून ते पुरावे आणि वर माती ओढावी.